पडतो, उठतो, पुन्हा पडतो: क्रॅशलूपमध्ये अडकलेल्या कंटेनरचा पंचनामा

रंगपंचमीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी इंदूरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघणार, राजवाड्याच्या आसपासचे रस्ते माणसांनी आणि रंगांनी भरून जाणार, म्हणून सियागंजातले व्यापारी दोन दिवसांच्या ऑर्डरी रात्रीच आटपत होते. त्यातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचं ऑर्डर घेण्याचं ॲप्लिकेशन आम्ही कुबरनेटिसवर सांभाळतो. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, एक किंवा जास्त कंटेनर मिळून पॉड, आणि हे पॉड अनेक सर्व्हरवर चालवणारी, पडले तर पुन्हा उठवणारी व्यवस्था म्हणजे कुबरनेटिस. पावणेबाराला टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीचा फोन आला.

"दादा, पॉड सारखा पडतोय. मी तीनदा डिलीट केला, तरी तेच. आणि कोडला तर आठवडाभर कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

मी विचारलं, "शेवटचा कंटेनर कशाने मेला?"

ती जरा थांबली. "ते कुठे दिसतं?"

तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय. कंटेनर पुन्हा पुन्हा पडायला लागला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा डिलीटकडे किंवा रीस्टार्टकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो हात आवरा. मेलेल्या कंटेनरने जाताना जबाब देऊन ठेवलेला असतो. तुम्ही पॉड डिलीट केलात की तो जबाब त्याच्याबरोबर जातो, आणि नव्या पॉडचा रीस्टार्टचा आकडा शून्यावरून सुरू होतो, जणू काही झालंच नव्हतं.

लेखातल्या कमांड मी तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

हे नाव आजाराचं नाही

स्टेटसच्या रकान्यात क्रॅशलूपबॅकऑफ दिसलं की तेच एररचं नाव आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते एवढंच सांगतं: कंटेनरमधली मुख्य प्रोसेस संपली, कुबलेटने, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या भागाने, ती पुन्हा सुरू केली, ती पुन्हा संपली, आणि आता पुढच्या प्रयत्नाआधी कुबलेट थांबलाय. पहिल्यांदा तो 10 सेकंद थांबतो, मग 20, 40, 80, 160, आणि शेवटी जास्तीत जास्त 300 सेकंद, म्हणजे 5 मिनिटं. कंटेनर सलग 10 मिनिटं नीट चालला तरच हा हिशेब पुन्हा 10 सेकंदांवर येतो.

हे आकडे लक्षात असले की एक मोठा गैरसमज टळतो. समजा डेटाबेस बंद होता म्हणून पॉड पडत होता. तुम्ही डेटाबेस चालू केलात, पण पॉड मात्र तसाच लटकलेला. इलाज चुकला म्हणून माणूस भलतंच काही बदलायला घेतो. खरं तर पॉड आपल्या 5 मिनिटांच्या थांब्यात बसलेला असतो. कारण सापडलं आहे, ते दूर केलं आहे, आता फक्त थांबा मोडायचा आहे, अशा वेळी पॉड डिलीट करणं रास्त आहे.

कुबरनेटिस नसेल, साध्या सर्व्हरवर कंटेनर चालवणारं डॉकर असेल, तरी चक्र हेच. रीस्टार्ट पॉलिसी ऑलवेज किंवा अनलेस-स्टॉप्ड असेल तर डॉकर 100 मिलिसेकंदांपासून सुरुवात करून दर वेळी दुप्पट थांबतो, कमाल 1 मिनिट. तिथे कंटेनर तोच राहतो, म्हणून आधीच्या फेऱ्यांचे लॉग डॉकर लॉग्समध्ये सलग मिळतात, आणि डॉकर इन्स्पेक्टमध्ये एक्झिट कोड आणि ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारलं) ही खूण दिसते. पुढचा सगळा तपास त्यालाही लागू आहे.

इमेजपुलबॅकऑफ आणि क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर ही दोन स्टेटसं मात्र वेगळी आहेत. पहिल्यात इमेजच, म्हणजे ज्यातून कंटेनर बनतो तो साचाच, खाली आलेली नाही, दुसऱ्यात बहुधा कॉन्फिगमॅप (सेटिंग्ज) किंवा सीक्रेट (पासवर्डसारखी गुपितं) सापडत नाही. दोन्हींत तुमचा प्रोग्रॅम अजून सुरूच झालेला नाही, त्यामुळे त्याचे लॉग शोधण्यात वेळ घालवू नका.

पहिली पाच मिनिटं

आधी बघा की ग्राहकाचं काम खरंच थांबलंय का. डिप्लॉयमेंट म्हणजे एकसारखे पॉड ठरलेल्या संख्येने चालू ठेवणारी व्याख्या. तिच्या रोलिंग अपडेटमध्ये नवे पॉड तयार होईपर्यंत जुने बरेचसे चालू ठेवलेले असतात. लाल अक्षरं दिसली म्हणून छातीत धस्स होतं, पण जुने पॉड काम करत असतील तर तुमच्याकडे वेळ आहे.

क्यूबसीटीएल गेट पॉड्स -ओ वाइड

इथे तीन गोष्टी टिपा: किती पॉड पडताहेत, रीस्टार्ट किती झाले, आणि पडणारे सगळे एकाच नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एकाच सर्व्हरवर, आहेत का. एकाच नोडवरचेच पडत असतील तर ॲप्लिकेशनआधी त्या नोडकडे बघावं लागेल. मग:

क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड पॉडचं-नाव

भरपूर मजकूर येतो, नवा माणूस बिचकतो. त्यात आधी लास्ट स्टेट शोधा. त्याखाली टर्मिनेटेड, रीझन, एक्झिट कोड, स्टार्टेड आणि फिनिश्ड असतं. मग अगदी तळाशी जाऊन इव्हेंट्स वाचा. बाकीचं सध्या सोडा. आणि तिसरी, सगळ्यात मोलाची:

क्यूबसीटीएल लॉग्स पॉडचं-नाव --प्रीव्हियस

प्रीव्हियस न लावता लॉग मागितले तर आत्ता उठू पाहणाऱ्या कंटेनरचे दोन-चार ओळींचे लॉग मिळतात. ज्याने जीव सोडला त्याचे हवेत. पॉडमध्ये एकाहून जास्त कंटेनर असतील तर -सी लावून नाव द्या, नाहीतर धडधाकट साइडकारचे, म्हणजे जोडीला चालणाऱ्या मदतनीस कंटेनरचे, लॉग वाचत बसाल. स्टेटसच्या आधी इनिट असं दिसत असेल तर पडतोय तो इनिट कंटेनर, म्हणजे मुख्य कंटेनरच्या आधी चालणारा तयारीचा कंटेनर, नाव त्याचं द्यायचं.

ही तिन्ही उत्तरं फाइलमध्ये साठवा, चॅटवर टाका, काहीही करा, पण ठेवा. इव्हेंट्स साधारणतः फक्त 1 तास टिकतात. रात्री बाराची घटना सकाळी पोहे खाऊन तपासू म्हटलंत तर तोवर त्यातलं काही उरलेलं नसतं.

पुरावा हाती आला की, आणि बिघाड नव्या रिलीजनंतर सुरू झाला असेल तर, खुशाल मागे जा:

क्यूबसीटीएल रोलआउट अनडू डिप्लॉयमेंट/नाव

ग्राहकाची दुकानदारी आधी, कारणमीमांसा नंतर. पण आमच्या त्या रात्री याचा काही उपयोग झाला नसता. कोड बदललाच नव्हता, त्यामुळे मागचं व्हर्जनही तितक्याच तत्परतेने पडलं असतं.

मारलं कोणी?

कंटेनर तीन प्रकारे मरतो. स्वतः मरतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मारतो, किंवा कुबलेट मारतो. हे ठरल्याशिवाय पुढे गेलात तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मेमरी कमी पडत असताना लोक प्रोबचे, म्हणजे कंटेनर ठीक आहे का हे ठरावीक वेळाने बघणाऱ्या तपासणीचे, आकडे वाढवतात, प्रोब मारत असताना मेमरी वाढवतात. दोन्हींत रात्र जाते.

ठरवायचं एक्झिट कोडवरून, म्हणजे प्रोसेस संपताना मागे ठेवते त्या आकड्यावरून. 128 च्या वरचा आकडा असेल तर त्यातून 128 वजा करा, जे उरतं तो सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या सूचनेचा, क्रमांक. 137 म्हणजे सिग्नल 9, सिगकिल: बाहेरून कोणीतरी जबरदस्तीने मारलं. रीझनमध्ये ओओएमकिल्ड असेल तर मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारलं. 143 म्हणजे सिग्नल 15, सिगटर्म: कुबलेटने थांबायला सांगितलं आणि प्रोसेस थांबली. 139 म्हणजे सिग्नल 11, सेगमेंटेशन फॉल्ट, बहुधा एखाद्या नेटिव्ह लायब्ररीचं काम. 134 म्हणजे प्रोसेसने स्वतःच अबॉर्ट केलं.

137 पण ओओएमकिल्ड नाही, हा प्रकार फसवा आहे. लाइव्हनेस प्रोब (प्रोसेस जिवंत आहे का हे विचारणारा) फेल झाला की कुबलेट आधी सिगटर्म देतो, ठरावीक मुदत वाट बघतो, ती न सांगितल्यास 30 सेकंद असते, आणि तरीही प्रोसेस हलली नाही तर सिगकिल. तुमचा प्रोग्रॅम सिगटर्म ऐकतच नसेल तर नोंद 137 ची होते आणि सगळे मेमरीवर संशय घेतात. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) सीएमडी, म्हणजे सुरू करायची कमांड, शेल पद्धतीने लिहिली की हे हमखास घडू शकतं: क्रमांक 1 ची प्रोसेस शेल असते, आणि ती सिग्नल तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवत नाही. सीएमडी चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा, किंवा स्टार्टअप स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या आधी एक्झेक लावा.

कोड 1 किंवा 2 म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच हार मानून बाहेर पडला. 126 म्हणजे फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही. 127 म्हणजे शेलला ती कमांड सापडलीच नाही. आणि कोड 0, रीझन कम्प्लीटेड, तरीही क्रॅशलूप? म्हणजे प्रोग्रॅम आपलं काम संपवून शहाण्यासारखा बाहेर पडला, पण डिप्लॉयमेंटमध्ये रीस्टार्ट पॉलिसी ऑलवेजच असते, म्हणून त्याला पुन्हा उठवलं जातंय. असं काम जॉब (एकदाच चालणारं) किंवा क्रॉनजॉब (वेळापत्रकाने चालणारं) म्हणून चालवा. सर्व्हर असूनही कोड 0 येत असेल तर तो बॅकग्राउंडला जाऊन मुख्य प्रोसेस संपवत असावा, त्याला फोरग्राउंडमध्ये चालवा.

कोडइतकंच महत्त्व मी स्टार्टेड आणि फिनिश्ड यांच्यातल्या अंतराला देतो. एक-दोन सेकंदांत मेला तर कॉन्फिगरेशन, कमांड किंवा परवानगी. दर वेळी अर्ध्या-पाऊण मिनिटाने मेला तर लाइव्हनेस प्रोबवर संशय. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास, ट्रॅफिक वाढला की लवकर, असं असेल तर मेमरी. हे गणित प्रत्येक वेळी बरोबर येईलच असं नाही, पण कुठून सुरू करायचं ते नक्की सांगतं.

स्वतः मेला असेल तर

आता त्या रात्रीकडे. डिस्क्राइबमध्ये एक्झिट कोड 1. सुरू 11:58:04, संपला 11:58:06. दोन सेकंद. म्हणजे सुरुवातीलाच काहीतरी खटकलं. तिने प्रीव्हियस लावून लॉग काढले आणि शेवटची ओळ मला वाचून दाखवली: पोर्टसाठी आकडा हवा होता, मिळालं टीसीपी://10.96.41.7:6379.

"दादा, आपण तर रेडिस_पोर्ट नावाचं व्हेरिएबल कुठेच सेट केलेलं नाही. कोडमध्ये नसेल तर 6379 धर असं लिहिलंय."

"आपण नाही केलं. नेमस्पेसमध्ये रेडिस नावाची सर्व्हिस आहे का बघ."

होती. रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस. दुपारी आमच्यातल्याच एकाने काहीतरी करून बघण्यासाठी बनवली होती. कुबरनेटिसची एक जुनी सवय आहे. पॉड तयार होताना त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या एका कप्प्यात) ज्या सर्व्हिस (पॉडपर्यंत पोचायचे कायमचे पत्ते) असतील त्यांच्या नावांची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स तो पॉडमध्ये आपणहून टाकतो. सर्व्हिसचं नाव रेडिस असेल तर रेडिस_पोर्ट नावाचं व्हेरिएबल येतं, आणि त्यात नुसता आकडा नसून टीसीपीपासूनचा अख्खा पत्ता असतो. आमच्या प्रोग्रॅमने तो पत्ता आकडा समजून वाचायचा प्रयत्न केला आणि कोलमडला.

मग दुपारपासून रात्रीपर्यंत सगळं कसं चाललं? कारण व्हेरिएबल्स पॉड जन्माला येताना मिळतात. जुने पॉड सर्व्हिसच्या आधीचे होते, त्यांना कळलंच नाही. रात्री देखभालीसाठी एक नोड रिकामा केला, नवे पॉड जन्मले, आणि त्यांच्या पदरात ते व्हेरिएबल पडलं. कोडला हात न लावता बिघाड येतो तो असा. पॉडच्या स्पेकमध्ये एनेबल-सर्व्हिस-लिंक्स फॉल्स केलं की ही सवय बंद होते. त्या रात्री तेच केलं, आणि नंतर आमच्या व्हेरिएबल्सना ॲप्लिकेशनच्या नावाचा उपसर्ग लावला. ही एक ओळ मी आता प्रत्येक नव्या डिप्लॉयमेंटमध्ये घालतो आणि तुम्हीही घाला असा माझा आग्रह आहे.

दुसरं कारण इतकं वेळा पाहिलंय की ते डोळ्यांसमोर ठेवूनच लॉग वाचतो. डेटाबेसचा पासवर्ड बरोबर आहे, दहा वेळा तपासला, तरी लॉगिन नाकारलं जातंय. सीक्रेट हाताने बनवताना पासवर्ड इको करून बेस64 मध्ये (मजकूर साध्या अक्षर-आकड्यांत लिहायच्या पद्धतीत) बदललेला असतो, आणि इको शेवटी एक नवी ओळ जोडतो. ती नवी ओळही पासवर्डचा भाग होऊन बसते. डोळ्याला दिसत नाही. सीक्रेटमधली किंमत उलगडून डब्ल्यूसी -सी ला द्या: पासवर्ड 12 अक्षरांचा आणि उत्तर 13 आलं की चोर सापडला. इकोला -एन लावा. त्याहून बरं म्हणजे क्यूबसीटीएल क्रिएट सीक्रेट वापरून फ्रॉम-लिटरलने किंमत द्या आणि बेस64 च्या वाटेलाच जाऊ नका.

बाकीची नेहमीची कारणं भराभर सांगतो. एक्झेक फॉरमॅट एरर दिसलं तर इमेज भलत्या प्रोसेसरसाठी बनली आहे. ॲपलच्या एम मालिकेच्या लॅपटॉपवर बिल्ड केलेली आर्म इमेज इंटेल किंवा एएमडीच्या नोडवर चालत नाही, बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी64 असा स्पष्ट द्या. स्क्रिप्टची फाइल डोळ्यांसमोर आहे आणि तरी नो सच फाइल येतंय? ती स्क्रिप्ट विंडोजवर सेव्ह झाली असणार. पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटतं, आणि लिनक्स त्या नावाचा इंटरप्रिटर शोधत बसतो. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सची ओळ संपवायची खूण) सक्तीचं करून टाका. परमिशन डिनाइड असेल तर कंटेनर कोणत्या युझरने चालतोय आणि व्हॉल्यूमचा मालक कोण, हे आयडी आणि एलएस -एल ने ताडा. बिगर-रूट युझरसाठी सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये एफएसग्रुप द्यावा लागतो. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली केली असेल तर टेम्प फोल्डरसाठी एम्प्टीडिर (तात्पुरती रिकामी जागा) जोडा.

डेटाबेस अजून उठला नाही म्हणून ॲप्लिकेशन मरत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वाट बघण्याचं काम ॲप्लिकेशननेच करावं. जोडणी मिळाली नाही तर थोडं थांबून पुन्हा, मग जरा जास्त थांबून पुन्हा. इनिट कंटेनर लावून डेटाबेसची वाट बघता येते, पण तो फक्त पॉड सुरू होताना उपयोगी. रात्री तीनला डेटाबेस मिनिटभर गेला तर इनिट कंटेनर काही करत नाही.

कर्नलने मारला असेल तर

ओओएमकिल्ड दिसलं की लिमिट दुप्पट करून मोकळं व्हायची घाई करू नका. आधी आकडा नीट लिहिलाय का बघा. मेमरीच्या आकड्यापुढे लहान लिपीतला एम लावला तर कुबरनेटिस त्याला मिली समजतो, मेगा नाही. 512 आणि लहान एम म्हणजे अर्धा बाइट झाला! हवं असतं ते मोठा एम आणि लहान आय, म्हणजे मेबीबाइट.

मग वापर बघा:

क्यूबसीटीएल टॉप पॉड पॉडचं-नाव --कंटेनर्स

यासाठी क्लस्टरवर मेट्रिक्स सर्व्हर लागतो. दर पाच मिनिटांनी आकडा कागदावर लिहिलात तरी चालेल. आकडा चढून एका पातळीवर स्थिरावत असेल आणि लिमिट त्याच्या जेमतेम वर असेल, तर लिमिट खरंच तोकडं आहे, वाढवा. आकडा दिवसभर चढतोच आहे, रात्री ट्रॅफिक नसतानाही उतरत नाही, तर ती गळती आहे. तिथे लिमिट वाढवून मरण फक्त पुढे जातं.

जावावाल्यांसाठी थोडं जास्त. कंटेनरची मर्यादा ओळखणारी जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) जावा 10 पासून आहे, जावा 8 मध्ये ती 191 व्या अपडेटमध्ये आली. त्याहून जुनी असेल तर ती अख्ख्या नोडची मेमरी आपली समजते. नवी असेल तर काही न सांगता साधारण मर्यादेच्या एक चतुर्थांश हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी) घेते, जी पुष्कळदा कमी पडते. म्हणून लोक एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) 512 मेगाबाइट देतात आणि लिमिटही 512 च ठेवतात. पण हीप म्हणजे अख्खी जेव्हीएम नाही. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, डायरेक्ट बफर हे सगळं हीपच्या बाहेर असतं. हीप भरत आली की एकूण बेरीज मर्यादेपलीकडे जाते आणि कर्नल मारतो, जावाच्या लॉगमध्ये मात्र एक अक्षर नसतं. मॅक्स-रॅम-पर्सेंटेज 75 पासून सुरुवात करा आणि मोजून कमी-जास्त करा.

लॉगमध्ये अक्षर नसणं ही या मरणाची ओळखच आहे. सिगकिल मिळालेल्या प्रोसेसला शेवटचा शब्द बोलायची संधी मिळत नाही.

कुबलेटने मारला असेल तर

इव्हेंट्समध्ये लाइव्हनेस प्रोब फेल्ड आणि त्याखाली किलिंग दिसेल. इथे प्रोग्रॅम बरेचदा धडधाकट असतो, आपणच त्याला मारत असतो.

न सांगितल्यास प्रोबचे आकडे असे: दर 10 सेकंदांनी एकदा, उत्तराला 1 सेकंद, सलग 3 वेळा चुकलं की खलास, आणि सुरुवातीची सवलत शून्य. म्हणजे उठायला 50 सेकंद घेणारं ॲप्लिकेशन पूर्ण उठायच्या आधीच मारलं जातं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा मारलं जातं. स्वतःच्या लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालतं, म्हणून डेव्हलपर शपथेवर सांगतो की माझ्याकडे बरोबर आहे. त्याचं म्हणणं खरंच असतं. यावर स्टार्टअप प्रोब लावा. 10 सेकंदांच्या अंतराने 30 प्रयत्न दिले की उठायला 300 सेकंद मिळतात, आणि तो पास होईपर्यंत लाइव्हनेस गप्प बसतो.

सीपीयूचं लिमिट इथे आडून मारतं. 200 मिलिकोअर म्हणजे दर 100 मिलिसेकंदांत 20 मिलिसेकंद काम, उरलेला वेळ नुसतं थांबणं. सुरुवातीला भरपूर क्लास लोड करणारं ॲप्लिकेशन अशाने रांगत उठतं आणि 1 सेकंदाच्या मुदतीत प्रोबला उत्तर देऊ शकत नाही. सीपीयू कमी पडला म्हणून कंटेनर कधीच मारला जात नाही, तो फक्त मंदावतो. मारतो तो प्रोब. हे दोन दुवे जोडता आले नाहीत तर माणूस दिवसभर चुकीच्या जागी खणत राहतो.

लाइव्हनेस प्रोबमध्ये डेटाबेस तपासू नका, हे मी जितक्या कळकळीने सांगेन तितकं थोडं. आमच्याकडे एकदा ते केलेलं होतं. डेटाबेस एका जड क्वेरीने काही सेकंद मंदावला, सगळ्या पॉडचे प्रोब एकदम फेल झाले, कुबलेटने सगळे एकदम मारले, आणि मग सगळ्यांनी एकदम उठून आपापले कनेक्शन पूल उघडले. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसची कमाल जोडण्यांची मर्यादा मुळात 100 असते, आणि आम्ही ती बदललेली नव्हती. मंद झालेला डेटाबेस आता पुरता आडवा झाला. लाइव्हनेसने फक्त एवढं विचारावं की प्रोसेस जिवंत आहे का, रीस्टार्ट केल्याने सुटेल अशा अवस्थेत अडकली आहे का. डेटाबेस मिळतो का हा प्रश्न रेडिनेसचा. रेडिनेस फेल झाला की पॉडकडे येणारी रहदारी थांबते, त्याचा जीव जात नाही.

लॉग रिकामेच असतील तर

कर्नलने मारलं नाही, प्रोबने मारलं नाही, कोड 1 आहे आणि प्रीव्हियसमध्ये काहीच नाही. पायथन असेल तर आधी बफरिंग बंद करा, पायथनअनबफर्ड 1 करून. मरताना बफरमध्ये अडकलेल्या ओळी बाहेर येतीलच असं नाही. ॲप्लिकेशन लॉग फाइलमध्ये लिहीत असेल तर ते स्टँडर्ड आउटपुटकडे वळवा. कंटेनरबरोबर फाइलही जाते.

तरी काही नाही, तर आत शिरा. पडणाऱ्या कंटेनरमध्ये एक्झेक करून जायची धडपड करू नका, तो दोन सेकंद जगतो. त्याची प्रत काढा आणि सुरुवातीची कमांड बदलून शेल द्या:

क्यूबसीटीएल डीबग पॉडचं-नाव -आयटी --कॉपी-टू=तपासणी --कंटेनर=ॲप -- एसएच

या प्रतीवर मूळची लेबलं येत नाहीत, त्यामुळे ग्राहकांची रहदारी तिच्याकडे वळत नाही. आता तुम्ही त्याच इमेजमध्ये, त्याच व्हेरिएबल्ससह, शांतपणे बसला आहात. ईएनव्ही छापा आणि एकेक ओळ वाचा. डेटाबेसचं नाव एनएसलुकअपने सापडतं का बघा. मग ॲप्लिकेशनची सुरुवातीची कमांड हाताने चालवा आणि ती कुठे पडते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. इमेजमध्ये शेलच नसेल तर प्रतीला वेगळी टूलबॉक्स इमेज देऊन कंटेनर जोडा आणि शेअर-प्रोसेसेस लावा. काम झालं की तपासणी नावाचा तो पॉड आठवणीने काढून टाका.

पुढच्या वेळेसाठी एक सोय आजच करून ठेवा. कंटेनरच्या स्पेकमध्ये टर्मिनेशन-मेसेज-पॉलिसी ही फॉलबॅक-टू-लॉग्स-ऑन-एरर करा. मग कंटेनर एररने मेला की लॉगच्या शेवटच्या ओळी डिस्क्राइबमध्येच लास्ट स्टेटखाली दिसतात, आणि झोपेतून उठलेल्या माणसाला तिसरी कमांड आठवावी लागत नाही.

दुरुस्तीनंतर

रनिंग दिसलं म्हणून लॅपटॉप मिटू नका. क्रॅशलूपमधला पॉडही प्रत्येक फेरीत काही क्षण रनिंग दिसतोच. रीस्टार्टचा आकडा बघत किमान 10 मिनिटं थांबा, मेमरीचा मामला असेल तर पुढचा गर्दीचा काळ जाऊ द्या. अलर्टही नुसत्या क्रॅशलूपच्या स्टेटसवर न लावता रीस्टार्टच्या वाढीवर लावा. दर दोन तासांनी एकदा पडून उठणारा पॉड स्टेटसमध्ये कधी सापडत नाही, कारण तुम्ही बघता तेव्हा तो उठलेलाच असतो.

आमचे पॉड त्या रात्री 12:20 ला उठले. ती फोन ठेवायला निघाली होती, मी म्हटलं, थांब, पाऊण होऊ दे. पावणेएकला वय 25 मिनिटं, रीस्टार्ट 0. सियागंजातल्या ऑर्डरी पुन्हा यायला लागल्या होत्या. तिला तेव्हाच नोंद लिहायला सांगितली, आणि ती आमच्या फोल्डरमध्ये अजून तशीच आहे:

"कोड 1, 2 सेकंदांत मेला. प्रीव्हियस लॉग: पोर्टच्या जागी टीसीपी पत्ता. कारण: रेडिस नावाची नवी सर्व्हिस, जुने पॉड सुटले, नोड रिकामा केल्यावर नवे अडकले. इलाज: सर्व्हिस लिंक्स बंद. पहिले तीन पॉड मी डिलीट केले, त्यांचे लॉग नाहीत. चौथ्याचे आहेत."